पलीकडच्या काठाचा रोज

चाळिशी उलटलेली बाई आठवणी लिहायला बसली की घरात थट्टा होतेच. नवरा म्हणाला, "लिही बाई, पण मी कितव्या पानावर येतो ते आधी सांग." त्याला सांगून टाकलं, तू यात येतच नाहीस, हे सगळं तुझ्या आधीचं आहे. सोलापुरात आमचं घर टॉवेलच्या कारखान्यांना लागून. दिवसभर मागांचा खडखडाट चालतो आणि तो इतका अंगवळणी पडलाय की मला ऐकूही येत नाही. पण दुपार कलली, एकदम वारं सुटलं आणि गच्चीवर वाळत घातलेली चादर फडफडायला लागली की हातातलं काम टाकून मी दारात येऊन उभी राहते. काही झालेलं नसतं, कुणी पाण्यावर नसतं, आई गावाकडे उन्हात पाय पसरून शेंगा फोडत बसलेली असते. तरी मला वाटतं, होडी अजून आली नाही. ही भीती मला जिथे लागली त्या दिवसांबद्दल मी लिहितेय. तसं बघायला गेलं तर त्या दिवसांत फार काही घडलं नाही. माझी आई रोजाने कामाला पाण्याच्या पलीकडे जायला लागली, एवढंच.

आमचं गाव उजनी धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्याच्या, फुगवट्याच्या काठावर. म्हणजे आत्ताचं गाव. जुनं गाव माझ्या जन्माच्या आधीच पाण्यात गेलं होतं, त्यामुळे मोठी माणसं बोलायला लागली की ती कुठल्या गावाबद्दल बोलतायत ते आधी ओळखावं लागायचं. "चावडीपाशी भेटला" म्हणजे नव्या, आणि "चावडीपाशी भेटायचा" म्हणजे जुन्या, पाण्याखालच्या. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत म्हैस. सकाळी जाग यायची ती काठाकाठाने घरघरणाऱ्या पाण्याच्या मोटारींनी, आणि त्या आवाजात मिसळलेली आईच्या भाकरीची थपथप. धरणात चिलापी मासा उदंड, स्वस्तही. आई त्याचं कालवण करायची ते चिंच आणि शेंगदाण्याचं कूट घालून, आणि इतकं तिखट की खाताना आण्णांच्या टकलावर घाम डवरायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. ते घाम पुसत पुसत आणखी वाढ म्हणायचे आणि आई म्हणायची, "आधी नाक पुसा." मासा नसेल तेव्हा हुलग्याचं माडगं, शेंगांची चटणी आणि कांदा. मी एकुलती एक, आणि जात्याच भित्री. म्हशीच्या शिंगांची भीती, पालीची भीती, आणि पाण्याची तर विचारू नका. आई हसायची. "पाण्याच्या काठाला जल्माला आली आन् घागरीला भेती!" ती स्वतः खुरप्याने साप उचलून बांधापलीकडे फेकणारी बाई. तिला भीती नावाची गोष्ट ठाऊकच नाही, असं मी धरून चालले होते.

आई आणि आण्णा दोघंही बापूंच्या रानात कामाला. बापू गावातले मोठे बागायतदार, ऊस आणि केळी मिळून काठाने लांबवर पसरलेलं त्यांचं रान. आण्णा त्यांच्या मोटारींवर होते. धरणाचं पाणी मागे सरलं की मोटार पुढे न्यायची, पाइप जोडायचे, वीज आली की रानात पाणी सोडायचं. आई खुरपणीला, लागणीला आणि केळीचे घड वाहायला. दिवसाच्या मजुरीला आमच्याकडे रोज म्हणतात. गड्याचा रोज पूर्ण आणि बाईचा निम्मा. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हेही कुणाला माहीत नव्हतं. गडी घड कापायचा, बाई तो डोक्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत न्यायची. कापणाऱ्याला पूर्ण, वाहणारीला निम्मा. मी एकदा भाबडेपणाने बापूंनाच विचारलं. ते रागावले नाहीत, उलट हसले. म्हणाले, "अगं, बायांना बांधाचं गवत मिळतंय की. त्याचं काय मी पैसे कापतो व्हय?" ते खरंच होतं. सुटी झाली की कामावरच्या बाईने मालकाच्या बांधावरचं गवत कापायचं आणि भारा घरी न्यायचा, ही आमच्या काठाची रीत. त्या भाऱ्यावर घरोघरच्या म्हशी जगायच्या. त्यामुळे निम्मा रोज आणि गवताचा भारा ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत, असं सगळे मानून चालले होते. घड वाहणाऱ्या बाईचं काम त्या गवतात भरून निघत होतं का, हा हिशेब कुणी केला नव्हता.

आता मी एका टॉवेलच्या कारखान्यात कामगारांच्या पगाराचं बघते, तेव्हा या गोष्टींचं हसू येतं आणि राग पण येतो. बाईच्या कामाची किंमत जागेप्रमाणे बदलते. दुधनीला दिलेल्या माझ्या आत्याकडे मी जायचे, तिथे आडतीवर हमालाला पोत्यावर पैसे मिळत आणि तूर निवडणाऱ्या बायांना दिवसावर. पोती वाढली तर हमालाचे पैसे वाढत, बायांची फक्त पाठ दुखे. सोलापुरात पूर्व भागात बाया घरी बसून विड्या वळतात. तिथे गडी विड्या वळतच नाहीत, म्हणून कमी कुणापेक्षा हा प्रश्नच उरत नाही. आणि आमच्या कारखान्यात गडी मागावर, बाया शिलाईवर. काम वेगळं म्हणून पगार वेगळा, असं मालक म्हणतात. मग मागावर बाई का नाही? तर तिथे पगार जास्त आहे म्हणून. माझ्या स्वतःच्या पगाराबद्दल बोलायला मी मालकांच्या केबिनबाहेर उभी राहते, तेव्हा आजही आत जायच्या आधी दोनदा परत फिरते. पण तो विषय वेगळा.

पलीकडची बातमी आणली इंदूकाकूने. इंदूकाकू आमच्या शेजारची, आईच्याच वयाची, बायांच्या टोळीची पुढारीण. तिची बहीण पाण्याच्या पलीकडच्या काठावर दिलेली. तिकडे द्राक्षांच्या बागा. तिकडच्या तरुण बाया-पोरी कंपन्यांत कामाला जायला लागल्या होत्या, बसगाड्या दारात यायच्या त्यांना न्यायला. बागेतल्या कामाला बाई मिळेना. आणि बाई मिळेना म्हटल्यावर बागायतदारांनी बाईचा रोज वाढवत वाढवत पार गड्याच्या जवळ आणून ठेवला होता. इंदूकाकू आमच्या पडवीत बसून हे सांगत होती आणि आई भाकरीचं पीठ मळायची थांबली होती.

"गड्याएवढा?" आईने विचारलं.

"गड्याएवढा न्हाय, पर लई कमी बी न्हाय. आन् होडीचं भाडं बागवालाच देतोय. लक्ष्मणमामा नेतोय, आणतोय."

"तीच की कामं? का तिकडं काय येगळं करावं लागतंय?"

"ह्याच्यापरीस हलकी. सावलीत हुभं ऱ्हायचं आन् घड कापायचे. डोस्क्यावर काय न्हाय."

आईने पीठ लागलेले हात झटकले. मग म्हणाली, "म्हंजे आपुन हितं निम्म्या बाया हाय, आन् पाण्याच्या पलीकडं गेलं की आख्ख्या." इंदूकाकू खदाखदा हसली. मला मात्र हसू आलं नाही. लक्ष्मणमामाची होडी मी बघितली होती. मासे धरायची पत्र्याची होडी, तिला मागे डिझेलचं इंजिन, बसायला आडव्या फळ्या. त्यात तो माणसं न्यायचा, शेळ्या न्यायचा, कधी मोटारसायकलही आडवी टाकून न्यायचा. कडेला हात ठेवला की बोटं पाण्यात बुडायची.

आई जायला लागली. दहावीचा अभ्यास चालू होता माझा, पण दुपारनंतर डोळ्यांपुढे अक्षर टिकायचं नाही. आमच्या फुगवट्यावर सकाळी पाणी तेलासारखं गप्प पडलेलं असतं आणि दुपारनंतर वारं सुटतं. वारं सुटलं की लाटा उठतात, काठावर उभं राहिलं तरी त्यांचा फटाफट आवाज येतो. मी पुस्तक घेऊन काठावर जायची आणि पाण्याकडे बघत बसायची. लांबवर काळा ठिपका दिसायचा, तो कधी बदक निघायचा, कधी कुणाच्या जाळ्याचा डबा. मग इंजिनाची टुकटुक ऐकू यायची आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणायची, बंद पडू देऊ नकोस, बंद पडू देऊ नकोस. होडी काठाला लागून आई उतरली की मी काही बोलायची नाही, आधी घरी निघून जायची. आई मागून हाका मारायची, तिच्या पदरात वर्तमानपत्रात बांधलेली द्राक्षं असायची. इतकी गोड द्राक्षं आमच्या घरात त्याआधी कुणी खाल्ली नव्हती. मला ती नीट गिळता यायची नाहीत.

बापूंनी पहिल्यांदा काहीच केलं नाही. मग एक दिवस बांध बंद केला. ज्या बाया पलीकडे जातात त्यांच्या घरच्यांनी बापूंच्या रानातलं गवत कापायचं नाही, असं बापूंच्या मुकादमाने सांगितलं. आण्णा बापूंच्याच कामावर, तरी आमच्या म्हशीलाही गवत बंद. आईने उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकत आणायला सुरुवात केली आणि वाढ्याचे पैसे जाऊनही तिच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त राहत होते. हे तिने आण्णांना दोनदा सांगितलं. आण्णांनी दोन्ही वेळा मान हलवली, पण त्यांचं तोंड उतरलेलं असायचं. रोज सकाळी त्यांना बापूंसमोर उभं राहावं लागायचं.

एकदा बापू स्वतः काठावर आले, होडी सुटायच्या वेळी. मी आईला डबा द्यायला गेले होते. बापूंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. ते म्हणाले, "मला काय, मला दुसऱ्या बाया मिळतील. पर ह्या पाण्याचा भरवसा न्हाय गं. लेकुरवाळ्या बाया तुमी. उद्या काय इपरीत झालं तर ती पोरं कुणाच्या तोंडाकडं बघतील?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला रडू कोसळलं. कारण रात्रंदिवस माझ्या मनात जे चालायचं तेच ते बोलत होते, शब्दाला शब्द. किती वर्षं मला वाटायचं की बापू त्या दिवशी मनापासून बोलले. कदाचित बोललेही असतील. पण माझी भीती आणि त्यांचा फायदा एकाच तोंडून बाहेर पडत होते, आणि यातलं एक दुसऱ्याच्या उपयोगी पडतंय हे कळायचं माझं वय नव्हतं. मी आईचा पदर धरून म्हणाले, "आई, नगं जाऊ." आईने पदर सोडवून घेतला आणि होडीत पाय ठेवला.

दहावीची परीक्षा झाली आणि आई म्हणाली, "आता तू बी चल. काठावर बसून रडण्यापरीस आत बसून रड." आण्णा नको म्हणाले. आई म्हणाली, "तिला बी रोज मिळंल. आन् बघंल तरी, आई कुटं जाती ते." मी गेले ते हौसेने नाही. काठावर बसून वाट बघण्यापेक्षा होडीत असणं बरं, असं मला कसंतरी वाटलं. सकाळी पाणी गप्प होतं. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसले आणि बाया माझी चेष्टा करत राहिल्या. पलीकडची बाग हिरवी, थंड, सावलीची. बागवाल्याने दुपारी सगळ्यांना ताक दिलं. संध्याकाळी रोज हातात पडला तेव्हा माझ्याही हातात पडला, आणि मी आण्णांच्या रोजाचा विचार केला. आण्णा दिवसभर पाण्यात उभे राहून कमावतात त्यापेक्षा माझे थोडेच कमी होते. मला भीतीच वाटली त्या पैशांची. घरी गेल्यावर ते कुठे ठेवायचे, आण्णांना कसे दाखवायचे, हेच मनात घोळत राहिलं.

परतताना वारं सुटलं होतं. उन्हाळ्यामुळे पाणी बरंच खाली गेलं होतं आणि नेहमीच्या वाटेवर मोटारींच्या पाइपांचं जाळं पुढे पुढे आलं होतं. पाइप टाळून लांबून जायचं तर वारं वाढायच्या आत काठ गाठता आला नसता, आणि बायांना घरी जाऊन म्हशींच्या धारा काढायच्या होत्या. लक्ष्मणमामाने होडी आडवी घातली, सरळ जुन्या गावावरून. पाणी हिरवट होतं आणि खाली कितीतरी जवळ दगड दिसायला लागले. पुढच्या फळीवरची एक बाई ओरडली, "अगं, ही आपली चावडी!" आणि काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण ते इतकं पटकन झालं. सगळ्या मोठ्या बाया एकदम त्या बाजूला वाकल्या. ज्या गावात त्या नवऱ्या म्हणून आल्या किंवा परकरातून साडीत आल्या, ते गाव इतक्या वर्षांनी उथळ पाण्याखाली दिसत होतं, आणि प्रत्येकीला आपलं दार बघायचं होतं. इंदूकाकू म्हणत होती, "चावडी हितं, म्हंजे आमचं घर त्या अंगाला." माझी आईसुद्धा वाकली. सापाला न भिणारी, सगळ्यात शहाणी माझी आई, ती पण वाकली.

"एका अंगाला जाऊ नगा!" लक्ष्मणमामा ओरडला, पण तोवर कड पाण्याला टेकली होती. पाणी आत आलं, गार पाणी, माझ्या मांडीवर. मग होडीचा तळ वर आलेल्या एका पडक्या भिंतीच्या दगडाला घासला, कर्रकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. त्या शांततेत फक्त वाऱ्याचा आवाज होता. बाया जेवणाच्या डब्यांनी पाणी उपसायला लागल्या. उपसलेल्यापेक्षा जास्त आत येत होतं. लक्ष्मणमामा म्हणाला, "उतरा. चावडीच्या चौथऱ्यावर हुभ्या ऱ्हावा, न्हायतर होडी बसंल आन् आपुन बी बसू तिच्यासंगं." एकेक करून आम्ही उतरलो. धरणाच्या मधोमध, चारी बाजूंना पाणी, आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात एका दगडी चौथऱ्यावर दाटीवाटीने उभ्या. प्रत्येक लाट छातीपर्यंत यायची. पायाखालचे दगड शेवाळाने बुळबुळीत झालेले. पायाच्या बोटांनी मी चाचपून बघत होते, आणि एका पायाखाली अचानक काहीच लागलं नाही. चौथरा तिथे संपला होता. मी खाली गेले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि डोक्याला जबरदस्त हिसडा बसला. आईने माझी वेणी पकडली होती. तिने मला वर ओढलं आणि अशी घट्ट धरली की माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ उमटले. मी बोलत होते, सारखं तेच, "आई, घरी जाऊ, आई, घरी जाऊ."

आण्णा त्या वेळी काठावर बापूंची मोटार पुढे सरकवत होते. त्यांना होडी थांबलेली दिसली. मोटारींच्या कामाला बापूंची एक छोटी होडी असायची, वल्ह्यांची. आण्णा आणि आणखी एक गडी ती घेऊन आले. त्या होडीत एका वेळी मोजकी माणसं मावायची. आण्णा जवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. आईने मला उचलून त्यांच्याकडे ढकललं. "पोरगी आधी घ्या." मी ओरडले, हात पाय झाडले, आईचा पदर माझ्या मुठीत आला आणि सुटला. मला होडीच्या तळाशी बसवलं. आण्णा वल्हवत होते आणि मी मागे बघत होते. माझी आई पाण्यात उभी होती, कमरेच्या वर पाणी, आणि ती लहान लहान होत चालली होती. भीतीबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं त्या एका फेरीत शिकून झालं. नंतर माझी बाळंतपणं झाली, आण्णा गेले, तरी तेवढी भीती मला परत कधी वाटली नाही.

सगळ्या बाया सुखरूप आल्या. आई शेवटच्या फेरीत आली. बापू जीप घेऊन काठावर आले होते, त्यांनी घोंगड्या दिल्या, चहा करवून आणला, आणि त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे गाव गोळा झालं. बापू म्हणाले, "मी काय बोलणार न्हाय. देवानं वाचवलं, झालं गेलं इसरा. उद्यापासनं आपल्या रानात या, बांध मोकळा हाय." मग ते आण्णांकडे वळले. "दत्तू, तुझ्या बायकोला तू सांगतोस का मी सांगू?" आण्णा मान खाली घालून म्हणाले, "मी सांगतो, बापू." सगळ्या गड्यांनी होकार दिला, आणि कोपऱ्यात घोंगडीत थरथरत बसलेल्या मलाही इतकं बरं वाटलं की काय सांगू. संपलं एकदाचं, असं वाटलं.

घरी आल्यावर आईने आधी म्हशीची धार काढली. मग चुलीपाशी बसली. आण्णा म्हणाले, "आता नगं जाऊ. मला लई भ्या वाटलं." एवढं बोलून ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आईने त्यांना रडू दिलं. मग हळूच विचारलं, "बापूंना इचाराल का, बाईला गड्याचा रोज द्या म्हणून? दिला तर न्हाय जात मी. पाण्याची मला काय हौस न्हाय." आण्णांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच विचारलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बापू म्हणाले होते, "चहा पिऊन जा."

आई काही दिवस बापूंच्या रानात गेली. घड वाहिले, गवताचा भारा आणला, निम्मा रोज आणला. मी सुखात होते. काठावर जायचं बंद, पोटभर जेवायचं, दुपारी गाढ झोपायचं. लक्ष्मणमामाची होडी ओढून आणली होती, तिचा तळ ठोकून घेणं चाललं होतं, तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. मग एका सकाळी तो आवाज थांबला आणि इंदूकाकू आली. "बागवाल्याचा निरोप हाय. शेवटचा माल काढायचा ऱ्हायलाय. लक्ष्मणमामा म्हणतोय, उद्या नेतो. थोड्याच बाया, आन् जुन्या गावावरनं न्हाय, लांबनं." आई म्हणाली, "बघते." इंदूकाकू गेली. मी आईसमोर जाऊन उभी राहिले. माझ्याकडे एकच हत्यार होतं. आमच्या घरात लेकराने गळ्याची शपथ घातली की ती मोडायची नाही, मग काहीही होवो. आई ती मोडणार नाही हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

"आई, तुला माझ्या—"

तिने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला शेणाचा आणि पिठाचा वास होता. "शप्पत घालू नगंस, नंदे. घातलीस तर मी जाणार न्हाय. मोडणार न्हाय मी तुझी शप्पत. पर मंग जलमभर निम्मीच ऱ्हाईन. आन् उद्या तू बी." तिने हात काढून घेतला आणि तिथेच उभी राहिली. मी शपथ घातली असती तर थांबली असती. आजही कुणाला वाटतं की मी त्या क्षणी शूर झाले असेन. तसं काही झालं नाही. मी एवढंच केलं की तोंड उघडलं नाही.

आण्णा त्या दुपारी पंक्चरवाल्याकडे गेले आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा मागून आणल्या. हवा भरून, सुतळीने आवळून त्यांनी त्या लक्ष्मणमामाच्या होडीला दोन्ही अंगांनी बांधल्या. बापूंची माणसं काठावरून बघत होती. आण्णांना काम सोडायला कुणी सांगितलं नाही, पण नंतर मोटारींवरचं काम दुसऱ्याला गेलं आणि त्यांना कुदळ देऊन खांदणीला लावलं. आमच्या काठावर बाईचा रोज वाढला तो त्यानंतर काही वर्षांनी, बाया मिळेनाशा झाल्या तेव्हा. आजही तो गड्याएवढा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही निघाले. का निघाले ते मला सांगता यायचं नाही; काठावर उभं राहून तिला लहान लहान होताना बघणं मला आता जमणार नव्हतं. पाणी गप्प होतं. आईने आधी पाय ठेवला आणि मला आत घेतलं. तिचा हात थंडगार होता, घामाने ओला. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, तुला भ्या वाटतंय?"

"मंग काय दगड हाय व्हय मी?" ती कुजबुजली. "डोळं मीट. मी बी मिटते."

"मंग पाण्याकडं कोण बघंल?"

"लक्ष्मणमामा बघंल. आपुन बघून काय हुतंय ते बघितलं न्हवं परवा?"

इंजिन सुरू झालं. मी डोळे मिटले, तिचा हात धरला, पाण्याचा आवाज ऐकत बसले. पण मला फार वेळ मिटून राहवेना. काठापासून थोडं लांब आल्यावर मी हळूच एक डोळा उघडला. समोरच्या फळीवर इंदूकाकू, तिच्याशेजारी त्या दिवशी चावडी बघून ओरडलेली बाई, आणि बाकीच्या सगळ्या, मांडीवर डबे घेऊन ताठ बसल्या होत्या. होडीतल्या एकूण एक बाईचे डोळे मिटलेले होते.